मापाचा माळ

संतपूरचे श्रीमंतअप्पा संशयी होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. ते फक्त खात्री करून घेत. कुणी रामराम घातला की 'यानं आज कामून घातला असंल?' याचा विचार करत ते दोन घरं पुढं जात, आणि मग मागं वळून रामराम परत करत. लग्नात आहेराचं पाकीट उजेडाकडं धरून बघणारा तालुक्यातला एकमेव माणूस म्हणून त्यांचं नाव औरादपर्यंत होतं.

याला कारण होतं. अप्पांचं भुसाराचं दुकान होतं, दुकानात काटा होता, आणि अप्पा काटा मारतात असं गावाचं मत होतं. वास्तविक अप्पांनी आयुष्यात कुणाचं पावशेर दाणं खाल्लं नव्हतं. दरसाल सरकारी माणूस येऊन काटा तपासून शिक्का मारून जाई. पण लोक शिक्क्याकडं बघत आणि 'शिक्का मारणाऱ्याला बी चहा पाजला असंल' म्हणत. तूर घालून पोत्यागणिक सुस्कारा सोडत घरी जात. चाळीस वर्षं ज्याच्याकडं सगळं गाव तिरक्या नजरेनं बघतंय, त्यानं गावाकडं सरळ बघावं ही अपेक्षाच चुकीची.

अशा माणसाच्या माळावर एक दिवस जीप येऊन थांबली.

माळ अप्पांचाच. हरभऱ्याच्या रानाला लागून तांबड्या मुरमाचा सपाट तुकडा. पावसाळ्यात चार काड्या गवत, बाकी वर्षभर नुसता मुरूम. तिथं कुसळसुद्धा नाइलाजानं उगवायचं. जीपमधून एक चष्मेवाला तरुण उतरला. त्यानं तीनपायी घोडीवर एक नळी बसवली, जमिनीवर पांढरीशुभ्र पाटी ठेवली, आणि नळी आधी पाटीवर, मग मुरमावर, मग पुन्हा पाटीवर असं करत तो उन्हात माळभर फिरत राहिला.

अप्पांनी बांधावरून सगळं पाहिलं आणि मनात नोंदी केल्या. एक, हा हंडा शोधतोय. दोन, इथून रस्ता जातोय. तीन, हा हंडा शोधतोय पण रस्त्याचं निमित्त करतोय.

"कोण तुमी? आन् माझ्या मुरमात काय हाय?"

"काहीच नाही, अण्णा," तरुण आनंदानं म्हणाला. "म्हणून तर आलोय."

त्याचं नाव प्रणेश. मूळचा कलबुर्गीचा, नोकरी हैदराबादच्या एका कचेरीत. त्याच्या कचेरीचं काम आकाशातून आलेले पृथ्वीचे फोटो साफसूफ करून जपून ठेवायचं. पिकं किती, पाणी किती, रान किती कमी झालं, हे दहा-वीस वर्षांनी ताडून बघता यावं म्हणून. अडचण एवढीच की वरचा कॅमेरा म्हातारा होतो. वर्षावर्षानं त्याची नजर उतरते. मग यंदा रान काळं दिसलं ते रानच काळवंडलं म्हणून, की कॅमेऱ्याला कमी दिसतंय म्हणून, हे कसं कळावं? त्यासाठी जमिनीवर अशी जागा लागते जी कधी बदलत नाही. वरून गेलं की कॅमेरा आधी तिच्याकडं बघतो, आणि त्यावरून त्याची नजर तपासली जाते.

अप्पांनी हे ऐकता ऐकता दोन चहा संपवले. तिसऱ्याला त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी मापाचा दगड! काटा बरोबर हाय का न्हाई, ते बघायला ठेवतेत, तसला."

"बरोब्बर, अण्णा. तुमचा माळ आमचं माप."

अप्पा त्या दिवशी घरी आले ते पागोटं जरा वर करून. प्रणेशनं माळाच्या मधोमध, कबड्डीची दोन मैदानं मावतील एवढ्या चौकोनाला चार कोपऱ्यांवर दगड लावून दिले. अट एकच होती. पंधरवड्यात एकदा, सकाळी साडेदहाच्या सुमाराला कॅमेरा वरून जाई. तेव्हा चौकोनात ढोर, माणूस, काही नको. प्रणेश आधी फोन करून दिवस सांगणार, आणि अप्पांनी राखण ठेवायची.

राखणीला कुणाला ठेवावं यावर अप्पांनी आठवडाभर विचार केला. गडी ठेवावा तर तो झोपेल. भाऊबंद ठेवावा तर तो माळच आपल्या नावावर करून घेईल. परक्या कुणाला दिवस सांगणंसुद्धा धोक्याचं. शेवटी त्यांनी काम बायकोवर सोपवलं. राजूबाई नाहीतरी रोज हरभऱ्यात असत. सकाळी अप्पा दुकानाला निघताना हळूच सांगत, "उद्या फोटू हाय," आणि राजूबाई मान हलवत. तिसऱ्या कानाला पत्ता नाही.

गावात मात्र अप्पांनी माळाची कीर्ती मुळीच लपवली नाही. पोतं काट्यावर चढवता चढवता ते म्हणत, "आमचा माळ दुनियेचं माप हाय. त्यावरनं वरचं यंत्र नीट चालतंय का न्हाई, ते ठरतंय."

यावर तानाजी एकदा म्हणाला, "माळ खरा असंल की, अप्पा. काट्याचं काय?"

हा तानाजी म्हणजे अप्पांच्या माळाशेजारचा. त्यानं आपलंही एक वावर प्रणेशला दाखवलं होतं. प्रणेशनं ते पाहून हात जोडले होते. "तुमची काळी माती फार चांगली आहे हो. वर्षात चार रंग बदलते. आम्हाला बिनकामाची पाहिजे." चांगल्या जमिनीमुळं नापास झालेला तो जिल्ह्यातला पहिला माणूस, आणि हे दुःख तो हॉटेलात चहागणिक सांगे.

दीड वर्ष सुरळीत गेलं. मग यंदाच्या हिवाळ्यात, येळवस, म्हणजे रानात पांडव पुजायची अमावास्या, होऊन चार-पाच दिवस झाले असतील, प्रणेश न कळवता आला. दुकानात बसला, पण चहा घेतला नाही. अप्पांना तिथंच शंका आली. चहा न घेणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर सरकारी.

"अण्णा, तुमचा माळ बदलायलाय."

"माळ? मुरूम हाय त्यो. बदलून जाईल कुठं?"

प्रणेशनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर तांबूस ठिपक्यांचा एक तुकडा होता, आणि त्याच्या मधोमध काळपट चौकोन. "दिवाळीपासून जेव्हा जेव्हा कॅमेरा वरून जातो, तेव्हा तेव्हा चौकोन काळा येतो. दुसऱ्या एका उपग्रहाचे फोटो मिळाले, आदल्या आणि नंतरच्या दिवसाचे. त्यात चौकोन ठीक. आधी आम्हाला वाटलं, आमच्या कॅमेऱ्यालाच मोतीबिंदू झाला. आमच्या साहेबांनी तर त्याला चष्मासुद्धा लावून टाकला. म्हणजे सगळ्या फोटोंचा उजेड वाढवला. त्यामुळं औरादपासून अफझलपूरपर्यंतची रानं कागदावर एका रात्रीत उजळली."

"बरं झालं की."

"बरं कसलं! पिकं वाळायला लागली तरी वरून टवटवीत दिसतील. उद्या दुष्काळ कुणाला कळणारच नाही." प्रणेशनं चष्मा पुसला. "मग मी नीट पाहिलं. कॅमेरा बिघडला असता तर सगळंच काळं आलं असतं. तुमच्या दगडांच्या बाहेरचा मुरूम जसाच्या तसा आहे. आतला तेवढा काळवंडतो. ओल असल्यासारखा. आणि पाऊस तर नाही."

पुढचं वाक्य त्याला जड जात होतं हे दिसत होतं.

"अण्णा, रागावू नका. पण तुम्ही तर काही करत नाही ना?"

दुकानात तूर घालायला आलेले चौघं बसले होते. चौघांनीही एकाच वेळी काट्याकडं पाहिलं.

अप्पांना आयुष्यात अनेकांनी टोमणे मारले होते, पण ते काट्याबद्दल. माळाबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. आणि आता त्या मुरमावर, ज्यात खोटं उगवायलाही दोन थेंब पाणी लागलं असतं, त्याच्यावर आळ.

"माझा माळ लबाड हाय म्हणायलास व्हय?"

"मी नाही, अण्णा. साहेब म्हणतात, पुढच्या वेळी पुन्हा काळा आला तर ही जागा रद्द. चिटगुप्प्याकडं एक माळ बघून ठेवलाय त्यांनी."

चिटगुप्प्याचं नाव निघताच अप्पा उठून उभे राहिले. माप खोटं निघालं म्हणून जागा रद्द झाली, ही बातमी गावात किती वेळात पोचेल आणि तिचा काट्याशी संबंध लावायला कुणाला किती वेळ लागेल, याचा हिशेब त्यांना करावा लागला नाही. ते चौघं समोरच बसले होते.

"ओल म्हणलास न्हाई का?" अप्पा सावकाश म्हणाले. "ओल. माझ्या माळाशेजारी कुणाचे तुषाराचे फवारे चालतेत, ठावं हाय तुला?"

संध्याकाळी हॉटेलात अप्पांनी तानाजीला चारचौघांत गाठलं.

"तान्या, माझ्या माळावर पाणी कामून सोडायलास?"

तानाजीच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "काय सोडायलोय?"

"पाणी. तुझ्या फवाऱ्याची तोंडं माळाकडं फिरवून. तुझं रान नापास झालं म्हणून माझं नासवायलास."

"अप्पा, आमच्या बोरला पाणी किती हाय ते सगळ्या गावाला म्हाईत हाय. हरभऱ्याला पुरंना, आन् म्या तुमच्या मुरमाला पाजायलोय? मुरमाला काय घाटं लागणार हायत?"

हॉटेल हसलं. अप्पांनी त्या हसण्याचीही मनात नोंद केली. कोण कोण हसलं, कोण उगीच खोकललं.

"तुमच्या काट्यावानीच हाय तुमचा माळ," तानाजी जाता जाता म्हणाला. "वर बघणाऱ्याला खोटं दिसतंय आन् दोष शेजाऱ्याला."

हे फार लागलं. घरी अप्पा जेवले नाहीत. राजूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई." बायकोला सांगावं तर ती तानाजीच्या बायकोला सांगेल, ती तानाजीला, आणि चोर सावध होईल. माळाचं काहीतरी बिनसलंय एवढंही त्यांनी घरात कळू दिलं नाही. फक्त प्रणेशचा फोन आल्यावर, नेहमीसारखं हळूच, "परवा फोटू हाय," एवढं सांगितलं. आणि पुढं जोडलं, "म्या उदगीरला जायलोय. तुरीचं बघाय."

परवा सकाळी अप्पा पिशवी घेऊन स्टँडकडं निघाले, ओढ्यातून वळले आणि मागच्या बाजूनं आपल्याच हरभऱ्यात आले. येळवशीला घातलेली कडब्याची कोप अजून उभी होती. तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगडाचे पाच पांडव ओळीनं बसले होते, समोर वाळलेल्या आंबिलीचा ओघळ. अप्पा पांडवांच्या मागं, कडबा जरासा बाजूला सारून बसले. फटीतून माळाचा चौकोन समोर दिसत होता. जागा उत्तम होती. मुंग्या सोडल्या तर.

थोड्या वेळानं तानाजी आला.

अप्पांच्या छातीत आनंदाची उकळी फुटली. तानाजी माळाच्या कडेला थांबला. इकडं तिकडं पाहिलं. मग दगड उचलला. अप्पा अर्धे उठले. तानाजीनं दगड भिरकावला, "हाय, हाय" करत चौकोनात शिरू बघणारी एक म्हैस हाकलली आणि आपल्या रानाकडं निघून गेला.

म्हैस अप्पांचीच होती.

अप्पा पुन्हा बसले. संशयाला असा पुरावा नको असतो. तानाजीनं म्हैस हाकलली, म्हणजे आपण सज्जन आहोत असं दाखवायला हाकलली. पण दाखवायला कुणाला? बघणारं तर इथं कुणीच नाही. अप्पा या गुंत्यात असतानाच पलीकडून बायकांचं बोलणं ऐकू आलं.

पुढं राजूबाई होत्या. मागं बचत गटातली सिद्धम्मा आणि गटातल्याच आणखी चार-पाच जणी. त्यातल्या दोघींच्या हातात खराटे. त्यांनी चौकोन एका टोकाकडून झाडायला घेतला, काड्याकुड्या, लेंड्या, वाऱ्यानं आलेली प्लास्टिकची पिशवी. एवढ्यात राजूबाईंनी सिद्धम्माला हाक मारली. दोघींनी मिळून हरभऱ्यातला तुषाराचा पाइप उचलून माळावर आणला. राजूबाईंनी चावी फिरवली. अप्पांच्या स्वतःच्या बोरचं, स्वतःच्या मोटारीचं, स्वतःच्या विजेचं पाणी चक्-चक्-चक् करत दुनियेच्या मापावर गोल फिरायला लागलं.

अप्पा आणि पाच पांडव बघत राहिले.

तांबडा मुरूम पाणी पिऊन गडद झाला. कोपऱ्याच्या दगडांना राजूबाईंनी हळदीकुंकू लावलं. मग पाणी बंद करून सगळ्या जणी चौकोनाच्या बाहेर, कडेला ओळीनं उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर घेतले. साडेदहा होत आले होते. सगळ्यांनी माना वर केल्या.

"अक्का, हासायचं का न्हाई?" सिद्धम्मानं विचारलं.

"हासू नगं. सरकारी फोटू हाय."

तेव्हा कोप हलली आणि अप्पा बाहेर आले. डोक्यावर कडबा, धोतराला मुंग्या. बायकांनी एकच किंकाळी फोडली. तानाजी आपल्या रानातून कुदळ घेऊन धावत आला.

"राजू!" अप्पा ओरडले. "काय करायलीस तू?"

राजूबाईंनी पदर सावरला, आणि नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"म्या काय करायले ते दिसायलंय. तुमी काय करायलाव? तुमी तर उदगीरला गेलताव न्हाई का?"

"अप्पा," सिद्धम्मा गंभीरपणे म्हणाली, "लपून बायांकडं बघायलाव व्हय, या वयात?"

तानाजीनं कुदळ खाली ठेवली आणि तो आरामात बांधावर बसला. असा कार्यक्रम त्याच्या रानाशेजारी पुन्हा होणार नव्हता.

"अगं, पाणी कामून सोडलंस माळावर?"

"कामून म्हंजी?" राजूबाईंना प्रश्नच कळेना. "सारी दुनिया बघणार म्हणता. आपल्या दारात कुणी बघाय आलं तर सडा टाकत न्हाईत व्हय? लोक म्हणतील, अप्पाची बायको आळशी, केर बी काढत न्हाई. दिवाळीला बचत गटात विषय निघाला. सिद्धम्मा म्हणली, अक्का, येवढं मोठं अंगण, हातानं किती टाकाल, पाइप लावा."

"मला सांगितलं कामून न्हाईस?"

"तुमी म्हणलाव, तिसऱ्या कानाला कळू देऊ नगं. म्या गटाला बी शपथ घातली हाय."

सगळ्या जणींनी माना हलवल्या. शपथ पाळली गेली होती, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

तेवढ्यात अप्पांच्या खिशात फोन वाजला. प्रणेश. वरून कॅमेरा गेला होता. फोटो यायला वेळ होता, पण त्याला राहवलं नव्हतं. "अण्णा, माळावर सगळं ठीक ना? काही दिसलं?"

अप्पांनी फोन कानाला धरून समोर पाहिलं. ओला, झाडलेला, हळदीकुंकू लावलेला चौकोन. त्याच्या कडेला बायको. बांधावर तानाजी, ज्याचं नाव त्यांनी चारचौघांत घेतलं होतं. आता पुन्हा घेतलं असतं तर प्रणेशनं मानलं असतं. माळ रद्द झाला असता, पण लबाड शेजारी ठरला असता, आणि काट्याच्या नावाला नवा बट्टा लागला नसता. तानाजीला हे कळत होतं. तो हनुवटी वर करून बघत होता. काट्यावर पोतं चढलं की गाव ज्या नजरेनं बघायचं, तीच नजर.

"प्रणेश," अप्पा म्हणाले, "लिहून घे. माळ खरा हाय. तुझा कॅमेरा बी खरा हाय. आमच्या घरच्यांनी सडा टाकलाय."

प्रणेशनं विचारलं, "सडा?"

"सडा. पाइपानं. दर फोटूला. आन् तानाजीचा ह्यात काय बी हात न्हाई. म्या त्याच्यावर उगं आळ घेतलो."

मग पलीकडून हसण्याचा स्फोट झाला. "अण्णा! म्हणजे आकाशातून आमच्या कॅमेऱ्यानं सडा ओळखला! त्याचा चष्मा आजच काढायला लावतो. साहेबांना म्हणतो, जागा रद्द करायची नाही. फक्त वहिनींना सांगा..."

अप्पांनी फोन राजूबाईंकडं दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "बरं, बाबा. न्हाई टाकत. पण दुनियेनं विचारलं तर सांग, अक्का टाकायला तयार होती, तुमी नगं म्हणलाव."

पुढच्या पंधरवड्याला राजूबाई बांधावर हात बांधून बसल्या. अप्पा त्यांच्यावर लक्ष ठेवायला बसले, आणि अप्पांवर लक्ष ठेवायला सिद्धम्मा बसली. दुसऱ्या दिवशी प्रणेशचा निरोप आला. चौकोन तांबडा. अगदी जुन्या फोटोसारखा.

अप्पा हॉटेलात गेले आणि सगळ्यांसमोर तानाजीला म्हणाले, "चुकलं." तानाजीनं त्यांच्या नावावर दोन भजी मागवली आणि विषय संपला, असं अप्पांना वाटलं.

पण तानाजी दोन दिवसांनी तुरीचं पोतं घेऊन दुकानात आला. त्याच्या मागं दहा-बारा माणसं होती.

"अप्पा, हे पोतं म्या सकाळी औरादच्या मोठ्या काट्यावर घालून आणलोय. वजन कितीय ते मला एकट्याला ठावं हाय. माळाचं खरं-खोटं झालं. आता काट्याचं बी होऊन जाऊ द्या."

चाळीस वर्षांत असं कुणी समोर येऊन म्हटलं नव्हतं. अप्पांना राग यायला हवा होता. पण आला नाही, आणि का नाही आला याचीच त्यांना शंका आली. मापाला मापाशी लावून बघायचं होतं, दुसरं काय. त्यांनी काट्याचं पारडं पुसलं, बाजूला सरकले आणि म्हणाले, "चढव."

तानाजीनं पोत्याला हात घातला.

"थांब," अप्पा म्हणाले.

माणसं पुढं सरकली. तानाजीच्या ओठांवर हसू आलं.

दारात राजूबाई उभ्या होत्या. हातात पाण्याची कळशी होती. दुकानापुढं सडा टाकायला आणलेली, आज एवढी माणसं येणार म्हणून. अप्पा खाली बसले, पोत्याच्या बुडाशी हात घातला आणि सगळीकडून नीट चाचपून पाहिलं.

कोरडं होतं.

"हां," ते उठत म्हणाले. "आता चढव."